प्लॅटफॉर्मवरचा ताणा

उमरेडच्या छोट्या गाडीत माझे वडील ती थांबल्यावर कधी चढलेच नाहीत. गाडी स्टेशनात शिरली की धोतर खोचायचं, लुगड्यांचा गठ्ठा डोक्यावर सांभाळत तिच्याबरोबर धावायचं आणि दांडा धरून चालत्या डब्यात उडी मारायची. बाजाराच्या दिवशी निम्मा मोहल्ला त्यांच्यामागे हेच करी. मी नागपुरात त्याच प्लॅटफॉर्मवर नोकरीला होतो, आणि लोकांना कडेपासून मागे ठेवणं हेच माझं काम होतं. पण हातमाग सोडून शिट्टी फुंकणाऱ्या पोराला बाप काय भीक घालणार!

मी कडेला चुन्याची रेघ आखली. लोकांना वाटलं, डब्याचं दार इथंच येणार. सगळे रेघेवरच येऊन उभे राहिले.

मग एका बाजाराला वडिलांचा पाय घसरून फटीत गेला. पाय कसाबसा वर आला, चप्पल चाकाखाली गेली.

"चप्पलच गेली ना गा, पाय तर हाये!" म्हणून ते डब्यातून हसले. 

आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यात सकाळी मागावर चढवायच्या उभ्या सुताचा ताणा गल्लीभर ताणून त्याला खळ देत. तो कुणी ओलांडत नसे. वरातसुद्धा दुसऱ्या गल्लीनं जाई. भांडणारे ताण्याच्या दोन बाजूंना उभे राहून भांडत, पण सुताला धक्का लावत नसत.

मी आईला म्हटलं, "माय, जुनं सूत दे वं."

"काय करतं त्याचं?"

"बाबाले अडवतो."

तिनं पुढं काही न विचारता उतरंडीमागचं सूत काढून दिलं.

पुढच्या बाजाराला मी कडेपासून दोन हात मागे खुंट रोवले आणि सुताच्या वीसेक तारा ताणून बांधल्या. स्टेशनचे मोठे साहेब कपाळाला हात लावून चहाला निघून गेले. गर्दी लोटली आणि सुतापाशी येऊन थबकली. विणकर थांबले म्हणून कुहीच्या तांदूळवाल्या बायाही थांबल्या. वडील धावत आले ते तिथंच खिळले.

"हा ताणा कोणाचा हाये?"

"आपलाच, बाबा."

तेवढ्यात गाडी शिरली, मागून रेटा आला आणि एक तार तुटली. वडिलांनी गठ्ठा खाली टाकला, दोन्ही हात पसरले आणि गरजले, "मागं व्हा बे! सूत तोडून राहिले!"

सगळा प्लॅटफॉर्म मागे सरकला. माझ्या शिट्टीला दोन वर्षांत हे जमलं नव्हतं.

गाडी थांबल्यावर मी एका बाजूनं ताणा सोडला. लोक पंगतीला बसावं तसे शिस्तीत चढले. वडील मात्र उकिडवे बसून तुटलेल्या तारेची टोकं शोधत होते.

"बाबा, गाडी सुटून राहिली."

"सुटू दे. मार गाठ."

मी गाठ मारली. त्यांनी ती पाहिली, सोडली आणि स्वतः मारली. एवढ्यात गाडी गेली. त्यांचे दोन्ही पाय प्लॅटफॉर्मवर होते, आणि मला तिथंच रडू कोसळलं.

"रडतं काहून गा?" ते सूत बोटांत चोळत म्हणाले. "पुढच्या बाजारी चांगलं सूत आणतो मी. हे सडलं हाये. यानं कधी माणूस थांबते का?"