चतुराबाईंच्या डोक्याचं माप

तुमच्या डोक्याचं माप किती, सांगा बरं? चपलेचा नंबर पाठ आहे. कमरेचं माप माहीत आहे, आणि ते वाढलंय हेही माहीत आहे. ब्लाउजचं माप टेलरकडे पडून आहे. आणि जे एकदा फुटलं की दुसरं मिळत नाही, त्याचं माप? मी कित्येक वर्षं नाशिकच्या चौकाचौकात उभी राहून लोकांच्या डोक्यावर हेल्मेट चढवते. पोलीस दिसला की डोक्यावर, पोलीस मागे पडला की आरशाला लटकवलेलं, असली हेल्मेटं बघून माझं टाळकं फिरतं. त्या सगळ्यांना मी हा प्रश्न विचारते. धड उत्तर एकाच बाईनं दिलं. चतुराबाईंनी. आणि त्यांनाही ते सुखासुखी सापडलेलं नाही.

चतुराबाई इंदिरानगरात शाळेची व्हॅन चालवायच्या. माहेर इगतपुरीकडचं. व्हॅन घेतली नवऱ्यानं, वर्षभरात त्याची पाठ धरली आणि तो घरी बसला, तेव्हा किल्ली यांनी उचलली. आमची ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा पोरं कोंबणाऱ्या व्हॅनवाल्यांच्या मागे लागले होते. इंदिरानगरच्या बोगद्याजवळ यांची व्हॅन अडवली आणि आडवी उभी राहून सुरू झाले. यांनी गाडी बंद केली, हॅण्डब्रेक ओढला आणि म्हणाल्या, "बाई, आधी मोजा. मंग वरडा."

मोजली. जितक्या जागा तितकीच पोरं. प्रत्येकाच्या पोटावर पट्टा, तो खाटेच्या नवारीचा, घरी शिवलेला. आता आवाज चढवलाच होता तर काहीतरी बोलायला हवं, म्हणून मी टायरवर घसरले. टायरही नवे निघाले. तेव्हापासून आम्ही मैत्रिणी.

गाडी कायम चाळीसवर. काटा त्याच्या पुढे गेलेला कुणी पाहिला नाही. मागून हॉर्न वाजायचे, गाडीवाले बाजूला येऊन काच खाली करून सांगायचे, काकू, घरी जाऊन पोळ्या लाटा. त्यावर यांचं उत्तर ठरलेलं: "लाटूनच आले. तू जेवला का?" भल्याभल्यांची काच वर जायची.

यंदा शाळेनं स्वतःच्या बस आणल्या आणि व्हॅनचं काम संपलं. पालकांनी निरोपाचं ठरवलं. साडी कुठल्या रंगाची घेऊ म्हणून विचारायला आले, तर या म्हणाल्या, "साडी नको. डोक्याला काहीतरी द्या." पालकांना वाटलं, काम गेल्यानं बाईला टेन्शन आलंय, बाम मागतेय.

त्याचं कारण होतं स्नेहा. चतुराबाईंच्या व्हॅनमध्ये बसलेल्या पहिल्या पोरांतली एक. तेव्हा मागच्या सीटवर पाय हलवत बसायची, आता रॅलीत गाड्या पळवते. तिचा क्लब सिन्नरच्या पुढे माळावरच्या एका खासगी ट्रॅकवर 'ट्रॅक डे' ठेवतो. म्हणजे एक दिवस साध्या माणसांनीही यायचं आणि गाडी पाहिजे तितकी पळवायची. समोरून कुणी येणार नाही, कुत्रं आडवं जाणार नाही. स्नेहानं निरोप धाडला, मावशी, माझी गाडी घ्या, मी बाजूला बसते. फक्त हेल्मेट स्वतःचं लागेल, कारच्या शर्यतीचं आणि डोक्याला चपखल बसणारं. ते तपासल्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत.

चतुराबाई मला म्हणाल्या, "आयुष्यभर मी अॅक्सिलेटरवरच्या पायाला अर्ध्यावर धरलंय. एकदा पार खालपर्यंत दाबून बघायचाय. मंग गाडी विकून टाकीन." हे सांगताना त्या हसत नव्हत्या, म्हणून मीही हसले नाही.

मुंबई नाक्याच्या बाजूला ज्ञानेशचं दुकान आहे. पूर्वी तो रॅलीत ड्रायव्हरशेजारी बसून वळणं सांगायचा, आता हेल्मेटं विकतो. ट्रॅकवरची तपासणीही त्याच्याकडेच. तो म्हणतो, दुकानात मीच विकतो आणि तिथे मीच नापास करतो.

मी तयारीनं गेले होते. आयएसआय मार्क दाखव म्हणाले. तर म्हणे, ताई, तो दुचाकीच्या हेल्मेटला बघा. दुचाकीवाला पडतो आणि रस्त्यावर घसरत जातो. कारवाला सीटला करकचून बांधलेला असतो, त्याचं डोकं छताखाली बसवलेल्या संरक्षक पिंजऱ्याच्या त्याच त्या लोखंडी पाइपावर पुन्हा पुन्हा आदळतं. म्हणून आतलं पॅडिंग वेगळं. अस्तर असं, की ठिणगी पडली तरी पेट घेत नाही. आतल्या बाजूला तसं प्रमाणपत्राचं स्टिकर असतं, ते नसेल तर हेल्मेट कितीही महाग असो, ट्रॅकवर चालत नाही. इतकी वर्षं हेल्मेटवर भाषणं देऊन मला यातलं काही माहीत नव्हतं. हे आधी का नाही सांगितलंस म्हणून मी त्याच्यावरच चिडले. तो म्हणाला, तुम्ही आजच भेटताय.

चतुराबाईंना तोंड उघडं राहणारं हेल्मेट आवडलं. ज्ञानेशनं सांगितलं, छत असलेल्या गाडीत तेही चालतं, पण धडकलं तर हनुवटी स्टेअरिंगवर. यांनी ते लगेच खाली ठेवलं. "हनुवटी लागते मला. पोरांना दटावायला." मग तोंडभर झाकणारं घेतलं. चष्म्याच्या काड्या आत जातात का तेही पाहून झालं. इथवर सगळं गोडीत चाललं होतं.

मग ज्ञानेशनं टेप काढली. भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून, मागच्या फुगवट्यावरून फिरवायची. कपाळावरून निघालेली टेप मागे जाऊन अंबाड्याला अडली.

या अंबाड्याबद्दल सांगायला हवं. बुंदीच्या मोठ्या लाडवाएवढा, काळाभोर, मानेवर घट्ट बसवलेला. रोज तगरीचं फूल, शुक्रवारी गजरा. व्हॅनमधली पोरं त्याला लाडूच म्हणायची.

"मावशी, हा सोडावा लागेल," ज्ञानेश म्हणाला.

"नाय. असंच मोजा."

मीडियम हेल्मेट अंबाड्यावर अडकलं. एक्स्ट्रा लार्ज सगळ्यासकट आत गेलं. चतुराबाई आरशात बघून खूश झाल्या. ज्ञानेशनं हेल्मेटची हनुवटी धरून हळूच फिरवली. हेल्मेट डावीकडे वळलं आणि चतुराबाई आतून सरळच बघत राहिल्या.

"मावशी, हेल्मेट पाथर्डी फाट्याला निघालं आणि तुम्ही मुंबई नाक्यावरच."

हेल्मेट फिरवलं की कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे, तो म्हणाला, आणि पट्टा लावून मागून वर उचललं तर ते हलता कामा नये. मग त्यानं मागून एका बोटानं उचललं. हेल्मेट चष्म्यासकट यांच्या नाकावर आलं. असलं हेल्मेट मी पास करणार नाही, असं त्यानं स्वच्छ सांगितलं.

"मंग राहू द्या." चतुराबाईंनी हेल्मेट काउंटरवर हलक्या हातानं ठेवलं आणि दुकानाबाहेर पडल्या.

मी आधी ज्ञानेशला झापलं, बाईच्या केसांविषयी असं तोडून बोलतात का म्हणून. मग व्हॅनमध्ये बसून चतुराबाईंना झापलं. वेणी घाला, मोकळे सोडा, एका दिवसाचा प्रश्न आहे, अंबाडा काय कुठे पळून जातोय?  त्यांनी चाळीसच्या वेगानं मला घरापाशी आणून सोडलं आणि म्हणाल्या, "पोरीला सांग, मावशीचे गुडघे दुखतात."

खोटं बोलायला सांगणारी ही बाई नव्हे. मी स्नेहाला काही कळवलं नाही. दोन दिवस धुमसले आणि संध्याकाळी यांच्या घरी गेले. नवरा कट्ट्यावर गेला होता. भांडायचं ठरवूनच गेले होते, पण यांनी मला पाणी दिलं, दार लोटलं आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. एकेक आकडा काढला, दातात धरला. मग अंबाडा सोडला आणि माझ्या हातात दिला.

अख्खा अंबाडा माझ्या हातात. गंगावन होतं. मानेवर उरलेले केस करंगळीएवढे, त्यातून कातडी दिसत होती.

"माझेच हायेत," त्या म्हणाल्या. "धाकटा झाला त्या वर्षी टायफॉइड झाला. मूठ मूठ गळायचे. मी गोळा करून ठेवले, मंग करून घेतलं."

  मी म्हणाले, टोपी घाला, स्कार्फ बांधा, कोण बघतंय? त्यावर त्या वळल्या.

"तुला कळत नाय. व्हॅनमधल्या पोरांना माझं तोंड कधी दिसलं? सकाळी चढताना एक क्षण, उतरताना एक क्षण. बाकी सगळा वेळ त्यांच्यासमोर हा अंबाडा. स्नेहा सात वर्षं याच्याकडे बघत शाळेत गेली. तिची मावशी म्हणजे हेच. आता तिच्यासमोर असं डोकं घेऊन उभी राहू?"

हट्ट म्हणून ज्याच्यावर मी दोन दिवस चिडत होते, ते हे होतं. मी ते गंगावन ओट्यावरच्या ताटात नीट गुंडाळून ठेवलं आणि ज्ञानेशच्या दुकानात खुंटीवर लटकलेली एक वस्तू मला आठवली. शर्यतीतले ड्रायव्हर हेल्मेटच्या आत घालतात ते न पेटणाऱ्या कापडाचं आवरण. डोकं, मान, गाल झाकतं, डोळ्यांपुरती जागा उघडी. मी हातवारे करून समजावलं.

"म्हणजे माकडटोपी," चतुराबाई म्हणाल्या.

"माकडटोपीच. घरूनच घालून निघायचं आणि घरी येऊन काढायची."

 मग ताटाकडे बघून म्हणाल्या, "त्याला घरी ठेवू. त्याला वेग सोसायचा नाय."

दुसऱ्या दिवशी मी ती टोपी आणून दिली. भर मे महिन्यात, दुपारी, माकडटोपी घालून चतुराबाई मला शेजारी बसवून व्हॅन चालवत मुंबई नाक्याला आल्या. सिग्नलला एक बाइकवाला टक लावून बघत होता. हेल्मेट हॅण्डलला. मी तोंड उघडायच्या आत या म्हणाल्या, "काय बघतो? मला थंडी वाजते. तुला नाय वाजत, तरी डोक्यावर घाल." त्यानं घातलं. मी हे वर्षानुवर्षं ओरडून करते, त्यांनी न ओरडता केलं.

या वेळी टेप पूर्ण फिरली. सत्तावन्न सेंटीमीटर. मीडियम हेल्मेट घालताना कान दुमडले, गाल पुढे आले, टोपीच्या आत ओठांचा चंबू झाला. सैल दे जरा, असं मीच म्हणाले. ज्ञानेश म्हणाला, गाल दाबले गेलेच पाहिजेत, पण कपाळावर एका जागी दुखता कामा नये. त्यानं फिरवून बघितलं, भुवया बरोबर गेल्या. मागून उचललं, हललं नाही. मग तसंच घालून वीस मिनिटं खुर्चीत बसवलं. चहा मागवला. चतुराबाई समोरचा चहा थंड होताना बघत राहिल्या आणि चंबू केलेल्या तोंडानं मला म्हणाल्या, "तू पी. मी सासरी आल्यासारखी बसते."

रविवारी ट्रॅकवर पालकांनी दिलेलं ते हेल्मेट ज्ञानेशनं पुन्हा तपासून पास केलं. चतुराबाई घरूनच टोपी घालून आल्या होत्या, त्यामुळे स्नेहाला काही कळायचं कारण नव्हतं. ती पळत आली, मिठी मारली आणि सवयीनं मानेमागे हात गेला. तिथे काही नव्हतं. स्नेहानं माझ्याकडे बघितलं. मी ट्रॅककडे बघितलं.

पहिली फेरी चाळीसवर. प्रत्येक वळणाआधी इंडिकेटर, शिवाय हॉर्न. कठड्याशी उभे असलेले क्लबवाले हसायला लागले. मी त्यांच्यातल्या दोघांना विचारलं की तुम्हाला इंडिकेटर कुठे असतो ते तरी ठाऊक आहे का.  दुसऱ्या फेरीत हॉर्न बंद झाला. तिसऱ्या फेरीत गाडी लांब सरळ पट्ट्यावर आली आणि आवाज बदलला. तो आवाज चढत गेला, चढत गेला, मला वाटलं आता कमी होईल, आता होईल. झाला नाही. गाडी आमच्यासमोरून गेली तेव्हा मला फक्त चतुराबाईंचं पांढरं हेल्मेट दिसलं. ते अजिबात हलत नव्हतं.

गाडी थांबली. चतुराबाईंनी पट्टा सोडून हेल्मेट काढलं आणि मांडीवर घेतलं. मग, कुणी न सांगता, टोपीही ओढून काढली. करंगळीएवढे ओले केस डोक्याला चिकटलेले. शेजारी बसलेल्या स्नेहाकडे त्यांनी तोंड वळवलं. मी गाडीपर्यंत पोचले होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"लाडू कुठे गेला, मावशी?"

"घरी. पहिल्यापासून खोटाच होता."

स्नेहानं त्यांच्या मानेमागचे ओले केस बोटानं सारखे केले. मग म्हणाली, "लहानपणी मला नेहमी वाटायचं, हा मध्ये नसता तर पुढचा रस्ता दिसला असता."

चतुराबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

परतीच्या वाटेवर स्नेहानं हट्टानं आपली गाडी ज्ञानेशकडे दिली आणि व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसली, नवारीचा पट्टा बांधून. पट्टा आता पोटावर जेमतेम पुरत होता. सिन्नर ते नाशिक आम्ही चाळीसनं आलो. मागून सगळे हॉर्न वाजवत होते.

व्हॅन अजून विकलेली नाही. हे सगळं लिहू का, गंगावनाचंही लिहू का, असं मी विचारलं तेव्हा चतुराबाई म्हणाल्या, लिही की, अर्ध्या इंदिरानगरच्या अंबाड्यात तेच हाय. तेव्हा एक काम करा. तुमच्या घरात अशी कुणीतरी असेल जिची तुम्हाला फक्त पाठ माहीत आहे, ओट्याशी उभी असलेली किंवा गाडी चालवणारी. आज तिला समोर बसवा, शिवणाची टेप घ्या आणि तिच्या डोक्याचं माप घ्या. भुवयांच्या वरून, कानांच्या वरून. आणि टेप सैल धरू नका.