थांब लेकरा, चष्मा हुडकायलेय

मानवतहून परभणीला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. तिचा मोबाईल वाजला. तिला कमी ऐकू येत असावं, कारण पलीकडचा आवाज अर्ध्या गाडीला ऐकू येत होता.

"बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड बंद होणार आहे. मोबाईलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा."

मी घाबरून हातानेच 'सांगू नका' अशी खूण केली. तिने माझा हात हळूच खाली केला.

"थांब लेकरा, चष्मा हुडकायलेय," ती फोनवर म्हणाली. चष्मा तिच्या नाकावरच होता.

मग तिने एकेक आकडा सावकाश सांगितला, तोही मनाचाच. ओटीपी चुकला, की नवा. मध्येच म्हैस आटल्याची हकीकत झाली. फोनवरचा माणूस खेकसला तेव्हा तिने मायेने विचारलं, "जेवला का न्हाई आज?" शेवटी वैतागून त्यानेच फोन कापला.

"आजी, आधीच ठेवून द्यायचा ना फोन," मी म्हणालो.

"मग त्यानं दुसऱ्याला लावला असता. एखादं भोळं माणूस फसलं असतं. मला परभणीपस्तोर काय काम हाय?"

मला तिचं फार कौतुक वाटलं. बोलता बोलता सहज विचारलं, "तुमचं खातं कोणत्या बँकेत आहे?"

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि खिडकीकडे सरकून बसली.

"तुमाला कशाला पायजे?"

मला राग आला नाही. तिचे पैसे सुखरूप आहेत, याची उलट खात्रीच पटली.