कागदाचा राजा

आम्ही बहरीनला गेलो तेव्हा कुवेतचं युद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. नवरा पहाटे कंपनीच्या बसने सित्राला रिफायनरीत जायचा आणि मी अदलियातल्या एका छोट्या ऑफिसात टायपिस्ट होते. ऑफिसातली पत्रं टाईप करून डोकं बधिर व्हायचं. जीव रमायचा तो घरी आणलेल्या दुसऱ्या कामात. बुदैयाला राहणारे एक निवृत्त इंग्रज इंजिनिअर पुस्तक लिहीत होते, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि ते मी टाईप करून द्यायची. मी त्यांना सर म्हणायची.

ते पुस्तक म्हणजे एका माणसाचं चरित्र होतं. शंभर वर्षांपूर्वी मध्य अमेरिकेच्या जंगलात माया लोकांची पडकी शहरं शोधत तो हिंडला होता. चांगलं खाऊन-पिऊन सुखी घरातला माणूस, पण खेचरांवर कागदाचे गठ्ठे लादून, हिवतापाने कुडकुडत, वर्षानुवर्षं तिकडे जात राहिला. कोरीव दगडांवर तो ओले कागद थरावर थर बसवायचा, ब्रशने ठोकायचा आणि वाळले की सोलून काढायचा. दगडावरचं नाक, डोळे, कानातले दागिने सगळं त्या कागदात उमटायचं. एकदा महिनाभराचे छाप एका पावसात भिजून गेले, तर पठ्ठ्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. टाईप करताना मी त्याला वेडा म्हणायची आणि पुढचं पान हातात घ्यायची.

त्याच्या छापांपैकी एक सरांकडे होता. कुणा म्हाताऱ्या नातेवाइकाकडून आलेला, एका राजाच्या चेहऱ्याचा, तीन तुकड्यांत. मूळ दगड गावकऱ्यांनी केव्हाच फोडून चुन्याच्या भट्टीत घातला होता. म्हणजे त्या राजाचा चेहरा जगात फक्त त्या कागदात उरला होता, आणि सरांचं शेवटचं प्रकरण त्याच्यावरच होतं.

ऑगस्टमध्ये सर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लंडनला निघाले. त्यांच्या घरचा एसी बंद पडलेला, आणि तिथली दमट हवा म्हणजे भिंतीसुद्धा घामेजतात. आमच्याकडे एसी दिवसरात्र चालायचा, म्हणून त्यांनी छाप माझ्या कपाटात ठेवायला दिला. नीट फोटो परत आल्यावर काढायचे होते. दिसायला तो अंड्यांच्या ट्रेसारखा होता, मळकट, खडबडीत. मी जुन्या चादरीत गुंडाळून खालच्या खणात ठेवला.

त्याच आठवड्यात चिपळूणहून आई आली, तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर. आईला रिकामं बसता येत नाही. दोन दिवसांत तिने डबे घासले, पडदे धुतले आणि मग कपाटाकडे वळली. मी नेमकी ऑफिसचं तुंबलेलं काम घरी घेऊन बसले होते.

"अगं, या चादरीत काय बांधून ठेवलंयस?"

"काही नाही गं, जुने कागद आहेत. किती प्रश्न विचारशील?" मी मान वर न करता खेकसले.

ती गप्प झाली. मला बरं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

चार दिवसांनी दुपारी ऑफिसातून आले तर बाल्कनीत एक टोपली वाळत होती. बाजारातली खजुराच्या पानांची टोपली मोडायला आली होती, तीच. आमच्या चिपळूणकडे वर्षाची रद्दी भिजवतात, त्यात मेथ्या वाटून घालतात आणि त्या लगद्याने टोपल्या, सुपं लिंपतात. आतबाहेर हात फिरवून आईने टोपली तुकतुकीत केली होती.

"तुझी रद्दी कामी आली बघ," आई म्हणाली. "असला चिवट कागद मी जन्मात पाहिला नाही. दोन दिवस भिजत घातला तेव्हा कुठे मऊ झाला."

मी धावत बाथरूममध्ये गेले. बादलीच्या तळाशी मूठभर लगदा आणि एक न विरघळलेला तुकडा होता. त्यावर कानाची पाळी होती, त्यात जड गोल दागिना. हातात घेतला तर बोटांमध्येच त्याचा चिखल झाला. मी ओल्या फरशीवर बसले. मेथीचा वास तेवढा नाकात बसला होता. आई दारात येऊन "काय झालं, बोल की गं," म्हणत राहिली आणि मला तिला सांगायला तासभर लागला. ऐकल्यावर तिने एकच विचारलं, "दुसरा नसेल का गं कुठे?"

सर परत आल्याचा फोन आला त्या दिवशी मी टॅक्सी केली. आई ऐकेना, तीही आली. टोपली मांडीवर घेऊन बसली होती.

सर काठी टेकून उभे होते. मी सगळं एका दमात सांगितलं. सगळं म्हणजे आईने काय केलं ते. ती खेड्यातली आहे, तिला कळलं नाही, असं मी म्हणाले. सरांनी टोपली हातात घेतली, आतून बोट फिरवलं आणि हळूहळू खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण तो छाप काय आहे हे तू तिला सांगितलं नव्हतंस?"

सरांचा विश्वास, ते पुस्तक, घरी यायची ती पानं, सगळं आता एका उत्तरावर होतं.

आई सातवी शिकलेली. इंग्रजी कळत नाही असं मी धरून चालले होते. ती पुढे झाली, पदर सावरला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "शी टोल्ड मी. नो टच. आय नॉट लिसन. सॉरी, साहेब."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच सांगितलं होतंस?"

"येस, सर," मी म्हणाले.