मनोहरच्या नावाची बाग

मनोहर ढोले गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोन त्याच्या शेजाऱ्याचा होता. "काका गेले," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं वाटलं... सात आठवडे झाले. हे लिहून टाकल्याशिवाय त्याच्याबद्दल दुसरं काही लिहिताच येईना.

दारव्ह्याकडून आमच्या गावात शिरताना उजव्या हाताला कापसाची जुनी जिनिंग होती. दगडी भिंती, विटांचं उंच धुराडं, खाली बॉयलर, वरच्या मजल्यावर सरकी काढणाऱ्या रेच्यांची ओळ. मनोहरची आई तिथे रेच्यावर कापूस घालायची. आम्ही दोघं पहिलीपासून एका बाकावरचे. मी इंजिनिअर होऊन सरकारी नोकरीत गेलो, तो गावच्याच शाळेत इतिहास शिकवत राहिला. जिनिंग बंद पडली, लोक दारं-खिडक्या उचकटून नेऊ लागले, तेव्हा यानं मालकाकडून किल्ली मागून घेतली. दर रविवारी जाऊन झाडायचा, यंत्रांना तेल द्यायचा, म्हाताऱ्या कामगारांना बोलावून कोणतं चाक कशानं फिरायचं ते वहीत उतरवायचा. "किल्ल्याले पाटी लावतेत," तो म्हणायचा, "अन् जिथं आपल्या मायनं राबून पोट भरलं, तिथं काहून नाही?" गाव त्याला भंगारमास्तर म्हणे. मीही हसायचो.

मी निवृत्त होऊन गावी परतलो त्याच वर्षी पालिकेनं ती जागा घेतली आणि इमारत पाडायचं काढलं. मनोहर अडून बसला. शेवटी आधी तपासणी करावी असं ठरलं, आणि तपासणीसाठी माझं नाव त्यानंच सुचवलं. "तुह्यावर भरोसा हाये मले." मी एका सकाळी गेलो. खाली फिरलो. जिन्याच्या दाराला कुलूप होतं. फोन केला असता तर तो दहा मिनिटांत किल्ली घेऊन आला असता. पण ऊन चढलं होतं, आणि आदल्याच दिवशी पालिकेचे अध्यक्ष चहाला येऊन माझ्या पुतण्याच्या नोकरीचं बोलून गेले होते... मी लिहिलं : वरचा मजला धोकादायक, इमारत पाडण्यायोग्य.

अहवाल वाचून तो घरी आला. बसला नाही.

"तू वर गेलताच नाही ना?"

मी खुर्ची पुढे सरकवली.

"किल्ली माह्या खिशात होती, भाऊ."

पुन्हा तो आला नाही. पाडायच्या आधी त्यानं यंत्रांच्या एकेका भागावर खडूनं आकडे घातले, पुढे कुठेतरी जोडता यावेत म्हणून. ते ट्रकमध्ये फेकताना मजूर आकडे मोठ्यानं वाचून हसत होते. गॅसकटरनं बॉयलर कापेपर्यंत तो फाटकापाशी उभा होता. महिनाभरात त्याला अर्धांगवायू झाला, वाचा गेली. दोन वर्षं तो खाटेवर पडून होता. मी एकदाही गेलो नाही.

तो गेल्यावर पालिकेला त्याचा एकदम पुळका आला. त्या जागेवर बाग तयारच होती, तिला त्याचं नाव दिलं. जिनिंगची काही खूण हवी म्हणून मधोमध एक दातेरी चाक उभारलं. फायबरचं. खरं एकही उरलं नव्हतं. उद्घाटनाला भाषण मी करावं, असा निरोप आला, तेव्हा मी मनोहरच्या बायकोकडे, सुमनवहिनींकडे गेलो.

"वहिनी, माझ्याऐवजी दुसरं कोणी..."

"तुमचं नाव मीच देल्लं," त्या म्हणाल्या. "वरच्या भिंतीवर सासूबाईचा हात होता, गेरूचा. दसऱ्याले मशिनीची पूजा झाली का बायका आपापल्या रेच्यामागं हात उमटवत. तुमाले दाखवाचा होता त्याइले. तुम्ही वर यान म्हणून आदल्या दिवशी जाळे काढून आलते. आता तिथंच उभे राहून बोला."

मी बोललो. त्याची चिकाटी, त्याची साधी राहणी, त्याचं गावावरचं प्रेम. अहवालाचा शब्दही काढला नाही. टाळ्या पडल्या. खाली उतरलो तशा वहिनी पहिल्या रांगेतून उठून आल्या, तबकातला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मी तो तोंडात घालेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

"त्याइची वाचा गेलती, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमची तं होती."