मागे आणलेलं दुसरं मत

मला भित्री म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या सासरी नांदून दाखवावं आणि मग बोलावं. त्यातही पनवेलच्या नगरपालिकेच्या त्या निवडणुकीत. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, माझ्या लग्नाला तर वर्षही झालं नव्हतं, आणि आमच्या वॉर्डातून माझे वडील आणि माझे सासरे दोघेही उभे राहिले होते.

तसं त्यात वाकडं काही नव्हतं. वॉर्डाला जागा दोन आणि प्रत्येक मतदाराला मतंही दोन. बाबांचं काष्ठौषधींचं दुकान, मामंजींची भाताची गिरणी, आणि दोन्ही घरांत अंतर दोन आळ्यांचं. तिसरा उमेदवार एक बडा व्यापारी होता. दोघे व्याही मिळून त्याला पाडणार, असं लोक हसत हसत म्हणायचे. बाबा तर दारोदार सांगत फिरत होते, "एक मत मला द्या, एक आमच्या व्याह्यांना."

मतदानाच्या आदल्या दुपारी सासूबाईंनी मला तांदूळ निवडायला जवळ बसवलं.

"उद्या मताचा एकच कागद टाकायचा, यांच्या पेटीत," त्या म्हणाल्या. "दुसरा कुठेही टाकायचा नाही. घरी आणून माझ्या हातात द्यायचा."

"पण बाबा..."

"तो व्यापारी निवडून येणारच. राहिली एक जागा. तुझ्या बाबांना टाकलेलं प्रत्येक मत यांना मागे ओढणार. कागद माझ्या हातात आला नाही, तर माहेरची वाट विसरायची."

त्यांचा हिशेब बरोबर होता, म्हणूनच मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले. पुढे कितीतरी वर्षांनी वर्तमानपत्रात वाचलं, की आयर्लंडात मतदार नावांपुढे एक, दोन असे पसंतीचे आकडे घालतो आणि दुसऱ्या पसंतीमुळे पहिल्याचं काही बिघडत नाही. मला इतका संताप आला, की मी पेपर भिरकावून दिला. आमच्याकडे दुसरं मत म्हणजे सरळ घरभेदीपणा होता.

मतदान शाळेत होतं. एका वर्गात गोणपाटाचा पडदा लावलेला आणि त्याच्या आड प्रत्येक उमेदवाराची वेगळ्या रंगाची पेटी. शिक्का मारायचा नाही, काही लिहायचं नाही, आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा की झालं. मामंजींची पेटी निळी होती, बाबांची पिवळी. पहिला कागद मी निळ्या पेटीत टाकला. दुसरा हातातच राहिला.

पिवळी पेटी वीतभर अंतरावर होती. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. कागद बाहेर नेला तर गुन्हा आहे, असं रांगेत असतानाच अधिकाऱ्यांनी ओरडून बजावलं होतं. म्हणजे नेला तर तुरुंग, नाही नेला तर सासूबाई.

बाहेरून शिपाई ओरडला, "बाय, लवकर करा, मागं रांग हाय!"

मी कागद घडी करून कमरेला खोचला. तुरुंग मी पाहिला नव्हता, सासूबाईंना रोज पाहत होते. शिपायासमोरून जाताना त्यानं नुसतं खाकरलं असतं तरी मी रडून सगळं सांगितलं असतं. तो विडी शिलगावत होता.

घरी सासूबाईंनी कागद उलगडून पाहिला आणि चुलीत घातला. "तुझ्या दोन्ही जावांचे आधीच आले," त्या म्हणाल्या. गिरणीतल्या बायकांचेही आले होते.

निकाल लागला. व्यापारी पहिला, मामंजी दुसरे. बाबा थोडक्यात पडले.

संध्याकाळी बाबा पेढे घेऊन आमच्याकडे आले. पडलेला माणूस पेढे आणतो, याचंच मला भय वाटलं. आता सगळ्यांदेखत मला विचारणार, असं वाटून मी आतच दडून बसले. शेवटी पाणी न्यावंच लागलं. मामंजी कुणाला तरी पोचवायला अंगणात गेले होते. मी भांडं बाबांपुढे ठेवलं आणि लगेच मागे वळले.

"अगं, पळतेस कशाला?" बाबा म्हणाले.

"बाबा, माझा दुसरा कागद..."

"सांगू नकोस. कागद मागे आणवायची युक्ती मलाही सुचवली होती. आपल्या आळीतल्या बायका तयारही होत्या."

"मग का नाही आणवलेत?"

बाबांनी माजघराकडे पाहिलं. आत सासूबाई पेढे वाटत होत्या.

"धीर झाला नाही," ते हळूच म्हणाले. "व्याही पडले असते, तर या घरात राहायचं तुला होतं."