लुपेसिना आत्याची पाठ

माझी लुपेसिना आत्या विमानतळाजवळच्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालते. सुट्टीच्या दिवशी मालिकांत गर्दीत उभी राहते. आजवर ती मेक्सिकोची भाजीवाली झाली, हवाईची नर्स झाली, एकदा तर नुसता बुरखा झाली. आम्ही मूळचे सामोआचे, पण सामोआची बाई मात्र ती कधीच झाली नाही. ऑकलंडमध्ये आमचा तुटवडा असावा.

गेल्या वर्षी एका गुप्तहेर बाईच्या मालिकेत तिला चक्क वाक्य मिळालं. "साहेब, चहा गार झालाय." एवढंच; पण कॅमेऱ्यात बघून. आत्याने अख्ख्या चर्चला सांगून टाकलं, "तोंड दिसणार आहे हं माझं!"

प्रसंग सोपा होता. चार पिकल्या केसांचे मंत्री बसलेले, त्यांच्यासमोरून वेटर झालेल्या हेराने, म्हणजे आत्याने, ट्रे घेऊन ताठ चालत यायचं. आता बसलेल्या म्हाताऱ्यांपुढून ताठ जाण्याबद्दल आमच्या घरात प्रत्येकाने लहानपणी केरसुणीचा मार खाल्लाय. आत्या कमरेत वाकली, "तुलोऊ" म्हणून माफी मागितली, आणि कॅमेऱ्यात आला फक्त अंबाडा.

"पुन्हा! लुपेसिना, ताठ! तुम्ही हेर आहात!" दिग्दर्शक ओरडला.

"हेर असले म्हणून काय झालं? आईने वळण लावलंय की!"

असं सहा वेळा झालं. मग फीबी धावत आली. मालिकेत सगळ्या समाजांची माणसं नीट दिसावीत, हे बघण्याचा तिला पगार मिळतो. "किती अस्सल! हे ठेवायलाच हवं!"

आत्या खुलली. फीबी दिग्दर्शकाशी कुजबुजली आणि ठरलं की हे अस्सल वाकणं नायिकेने करायचं. नायिका इमोजेन, सोनेरी केसांची, सहा फुटी. तिला आमच्या संस्कृतीची किती कदर आहे, ते लोकांना दिसेल. आत्याने तिला अर्धा तास वाकायला शिकवलं. मग चहाचं वाक्यही तिच्याकडेच गेलं, सोयीचं पडतं म्हणून.

हे सगळं आत्याने मला परतताना गाडीत सांगितलं. वर दम दिला, "घरी बोललास तर बघ. कुठेतरी ठेवलंच असेल की मला."

तो भाग लागला त्या रविवारी चर्चनंतर आमच्याकडे तीस माणसं जेवली. तारोचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांची पालुसामी संपवून सगळे टीव्हीसमोर बसले. मधल्या खुर्चीत पाद्रीबाबा, शेजारी आजोबा. पडद्यावर इमोजेन वाकली. "तुलोऊ."

"कुणाची गं ही पोर?" आजोबा म्हणाले. "वळण बरंय, पाठ मात्र लाकडाची." घर हसून लोटपोट. तेवढ्यात पडद्यावर ट्रे धरलेले नुसते दोन हात येऊन गेले.

"लुपेसिना, तू कधी येणार?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"येऊन गेले. ते हात माझे. हा बघा इस्त्रीचा डाग."

"पण तोंड दिसणार होतं ना?"

आत्या उठली. तिने चहाचा ट्रे उचलला आणि एवढी वडीलधारी माणसं बसलेली असताना त्यांच्यापुढून ताठ चालत टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. माझ्या आईने तोंडावर हात ठेवला.

"साहेब, चहा गार झालाय," आत्या म्हणाली. प्रत्येकाकडे बघून.

आजोबांनी कप उचलून घोट घेतला.

"खरंच गार आहे," ते म्हणाले. "गरम करून आण. आणि येताना वाकून ये."