पत्र्याखाली धावलेली बोट

पंचवटीतल्या जीवन विधातेने टीव्ही दुरुस्त करण्यात हयात घालवली. समुद्र त्याने पाहिलाच नव्हता. तरी २००४ साली मासळीच्या ट्रकमधून सातपाटीच्या किनाऱ्यावरच्या हरबा तांडेलाच्या मासेमारी बोटीचा, वाट दाखवणारा जीपीएस त्याच्या दुकानात आला. पडदा काळा पडला होता. जीवनने तो उजळवला खरा, पण दुकानाच्या पत्र्याखाली उपग्रह कुठला सापडायला! म्हणून त्याने उपग्रहाविना नुसतं चालवून दाखवणारा डेमो लावला. पडद्यावरची बोट झोकात धावली. गडी खूश झाला आणि त्याने सेट तसाच बांधून पाठवला.

चार दिवसांनी सकाळीच तांडेलाचा बोटीवरून फोन आला. “मास्तर, धुक्यात काय दिसंना, म्हणून नांगर टाकलाय. तरी पडद्यावर बोट पळतेच हाय!”

जीवनला एकदम आठवलं. डेमो बंद करायचा राहिला होता. म्हणजे हा माणूस खोट्या नकाशावर बोट हाकत होता!

“काका, नांगर उचलू नका! आधी मेनूत जाऊन डेमो...”

फोन तुटला. पुन्हा लावला, लागेना. समोरचं गिऱ्हाईक काय विचारतंय, तेही त्याला ऐकू येईना.

अखेर घंटी वाजली. तांडेलाचा आवाज पार बसला होता.

“धुकं उठलं, मास्तर. पुढ्यात खडक हाय, हात लावावा इतका जवळ. तुमच्या पडद्यावर इथं मोकळा दर्या हाय.”